बन्सीवर तांबेरा

वाळूज,
२८ डिसेंबर १९९७

सौ. सगुणास,

तातेरावचा आशीर्वाद. मी इथं खुशाल आहे, तुम्ही सगळे तिथं बराबर असाल. मायचा खोकला उतरला का? छबी शाळेत जाते का अजून शेळीमागंच हिंडून राह्यली?

तुझं पत्र कडूबानं आणून दिलं. चुलत भाऊ असला तरी तो फार चौकस, आणि खोली दोघांत एकच, म्हणून बाहेर पायरीवर बसून वाचलं. काम बरं चाललंय. मशीनमधून प्लास्टिकचे डबे गरम गरम निघतात, त्यांच्या कडा तासायच्या. सुरुवातीला बोटं सोलली, आता हात बसला. सुपरवायझर म्हणतो, उन्हाळ्यापर्यंत टिकलात तर पर्मनंटचं बघू.

अवकाळीनं गव्हाला आयतं पाणी मिळालं हे वाचून बरं वाटलं. विहिरीखालचं रान मी स्वतः पेरून आल्तो. लोक-वन गहू पेर म्हणणारे गावात कमी नव्हते, पण शेवया आणि पोळी बन्सी गव्हाचीच, म्हणून मी कोणाचं ऐकलं न्हाई.

आता ते कृषी सहायकाचं. तू लिहितेस, बद्रीनाथ साहेब आले, साहेबांनी बांधावरून गहू पाहिला, साहेब म्हणाले बन्सीवर तांबेरा रोग लवकर येतो, साहेब म्हणाले आभाळ असंच राहिलं तर ध्यान ठेवा. माझ्या तब्येतीची विचारपूस एका ओळीत आणि खाली सगळं पान साहेबाचं! चांगलं आहे. सरकार पगार देतं, त्यानं सांगावं, आपण ऐकावं. फक्त एवढंच विचारतो की तो गावात सगळ्यांकडं जातो का आपल्याकडंच? कारभारी मामाच्या मळ्यात जातो का? सहज विचारून राह्यलो, दुसरं काही न्हाई.

संक्रांतीनंतर तुम्हाला इकडं आणायचा माझा विचार आहे. रान कोणाला तरी बटईनं, निम्म्या वाट्यावर, देऊ. दोन खोल्या पाहून ठेवल्यात, नळ दारात आहे. गव्हाचं कारण सांगू नको. गहू काय, बटईदार काढील.

मायला दंडवत, छबीला पापा.

तुझा,
तातेराव


वाळूज,
१६ जानेवारी १९९८

सौ. सगुणास,

आशीर्वाद. तुझा तिळगूळ पोचला. कडूबा सणाला गावी गेल्ता, त्याच्याच हाती आला. वाटेत त्यानं अर्धा खाल्ला असणार, तरी गोड होता.

तिळगुळासोबत त्यानं बातमीही आणली. रात्रपाळीला जाताना मला म्हणतो, "दादा, वहिनी आता पाठीवर पंप घेऊन गहू फवारून राह्यल्या, बरं का. बायामाणसानं पंप घेतलेला मी तर पहिल्यांदा पाह्यला."

मी म्हणालो, "घेतला तर घेतला. तिच्यात जोर आहे."

"जोर आहेच. साहेब बांधावर उभा राहून सांगत होता, पानाच्या खालून मारा ताई, खालून. आणि ते भिंग आहे ना त्याचं, कॉलेजातलं, ते बी वहिनीजवळच ठेवून गेलाय. म्हणतो, मी नसलो तरी पानं बघत जा."

मी हसलो. कडूबासमोर हसावंच लागतं. पण सगुणा, तुझ्या पत्रात फवारणीचं आहे, मँकोझेबच्या पिवळ्या भुकटीचं आहे, दव सुकल्यावरच मारायची तेही आहे. भिंगाचं न्हाई. का न्हाई लिहिलं? लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून, का लिहू नये असं वाटलं म्हणून? मशीनसमोर उभा राहून मी हाच एक विचार करतो, आणि परवा त्यात एका डब्याची कड तासता तासता माझ्या हातानं डबाच फाटला.

हा बद्रीनाथ परतूरचा आहे, शिकलेला आहे, बूट घालून रानात येतो, हे मला कडूबाकडून कळलं. वय काय असेल? तू "साहेब" लिहितेस म्हणून मी पोक्त माणूस समजत होतो. कडूबा म्हणतो, पोरगाच आहे.

आता मी सांगतो ते ऐक. युरियाची एक गोणी पडवीत ठेवली आहे, ती गव्हाला फेक आणि वरून पाणी दे. गहू हिरवा काळाभोर झाला पाहिजे. तुझ्या पत्रात साहेब म्हणतो युरिया नको, जादा युरियानं पान लुसलुशीत होतं आणि तांबेरा चढतो. माझ्या बापानं त्या रानात गहू काढला, मी काढला, आम्हाला कोणी भिंग दिलं नव्हतं. भिंग त्याचं त्याला देऊन टाक. आणि सांग, मालक आले म्हणजे या, मालकच काय ते बोलतील.

जल्दी उत्तर पाठव.

तातेराव


वाळूज,
२९ जानेवारी १९९८

सगुणास,

मी पोचलो. जीप तीर्थपुरीला वेळेवर मिळाली, पुढं बसनं आलो. कडूबाला मी काही सांगितलं न्हाई, तूही मायला सांगू नको की मी पत्र लिहिलंय.

तू उत्तर पाठवलं असतंस तर मी असा न सांगता आलोच नसतो. झेंडावंदनाची सुट्टी होती, जोडून एक दिवस मागितला. खरं सांगू का, वाटेत मनात चांगलंच होतं. छबीला फ्रॉक घेतला होता. वाटलं, घरी जाऊ, चहा पिऊ, मंग रानात जाऊ. पण वेशीवर भिवा भेटला, म्हणाला, "वहिनी मळ्यात आहेत, साहेब आलेत." तसाच पिशवी घेऊन मळ्यात आलो.

मी काय पाहिलं ते तुला माहीत आहे, तरी लिहितो. तुम्ही दोघं वरच्या वाफ्यात उकिडवे बसलेले. एक पान तुझ्या हातात, भिंग तुझ्या डोळ्याला, आणि तो वाकून त्याच पानाकडं बोट दाखवून राह्यला. तू काहीतरी म्हणालीस आणि तो हसला, मंग तूही हसलीस. सगुणा, तू घरात तशी हसत न्हाईस. माझ्या डोक्यात तेच गेलं. बाकी मला काही दिसलंच न्हाई, गहू सुद्धा न्हाई.

तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या, तुम्हीच तातेराव ना? ताईंनी वेळेवर ओळखलं म्हणून वाचलं हे रान." मी त्याला काय काय बोललो! दुसऱ्याच्या बाईला शेती शिकवायला तुला सरकारनं पाठवलं का, हे तर बोललोच. भिवा माझ्यामागं आल्ता, बांधापलीकडं मेहरुन्निसाभाभी मिरच्या तोडत होती, सगळ्यांनी ऐकलं. त्यानं तुझ्याकडं पाहिलं, गाडीला किक मारली आणि गेला. तू मात्र माझ्याकडं असं पाहिलंस की जणू मी कोणी परका माणूस वाफ्यात शिरलोय.

भिंग विहिरीत टाकायला नको होतं. एवढं मी कबूल करतो.

युरिया मी माझ्या हातानं फेकला, मोटार चालू केली. खालचे वाफे भरले आणि लाइट गेली, म्हणून वरचे राहिले. उरलेली गोणी पडवीत आहे. लाइट आली म्हणजे वरच्यांना टाक. मी नवरा आहे, माझ्या रानात काय टाकायचं ते मी ठरवीन.

छबीला फ्रॉक बसला का? मी तिला हाका मारल्या, पण ती तुझ्यामागं लपली.

तातेराव


[गावाहून]
२० फेब्रुवारी १९९८

श्री. छबीचे वडील यांना,

सगुणाचा नमस्कार. फ्रॉक बसला. मायचा खोकला उतरला. बैल, शेळी, सगळं ठीक आहे. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला राग येईल आणि मंग हे वाचायचं राहून जाईल.

वरच्या वाफ्यांना मी युरिया टाकला न्हाई.

तुम्ही गेल्यावर आभाळ भरूनच राहिलं. सकाळी दव असं पडायचं की पातळ चिखलातून चालल्यासारखे पाय भिजायचे. खालच्या वाफ्यातला गहू चार दिवसांत काळाभोर झाला, तुम्हाला पाहिजे होता तसा. माय म्हणाली, "बघ, तात्याचं खरं झालं." मला पण वाटलं, असेल बाई. मंग एक दिवस त्यातून चालत गेले आणि बाहेर निघाले तर लुगड्याचा काठ विटकरी झालेला. पानाला बोट लावलं, बोट तांबडं झालं. प्रत्येक पानावर गंज. भिंग लागलंच न्हाई पाहायला.

भुकटी संपली होती. साहेब येणार न्हाईत हे माहीत होतं. भिवाला म्हटलं, तीर्थपुरीहून आणून दे, तर तो म्हणाला, "वहिनी, दादाचा राग तुम्हाला माहीत आहे, मला त्यात पाडू नका." मंग मीच गेले. दुकानदारानं विचारलं, कोणत्या पिकाला, किती दिवसांचं पीक, मी सगळं बराबर सांगितलं. घरी येऊन पंप भरला आणि फवारलं. वरचे वाफे आधी, कारण तिथं अजून थोडंच होतं. खालच्यांनाही मारलं, पण त्या औषधानं नवीन रोग अडतो, चढलेला उतरत न्हाई. हे साहेबांनी मला आधीच सांगितलं होतं, म्हणून रडले न्हाई.

वरचे वाफे वाचले. खालचे गेले. ओंब्या आहेत, पण चोळून पाहिल्या तर दाणा चिमलेला, जिऱ्यासारखा. बांधावर उभं राहिलं की तुमचं अर्धं आणि माझं अर्धं वेगळं दिसतं. मेहरुन्निसाभाभी म्हणाली, "अल्ला, एकाच विहिरीचं पाणी आणि असं कसं?" मी काही बोलले न्हाई. बोलले असते तर तुमचं नाव घ्यावं लागलं असतं.

तुम्ही विचारलं होतं, भिंगाचं का न्हाई लिहिलं. लिहिते आता. तुम्हाला आवडणार न्हाई म्हणून न्हाई लिहिलं. ते तसंच झालं.

आणि हसण्याचं. मी त्या दिवशी त्यांना म्हणाले होते की हे तांबेऱ्याचे फोड भिंगातून फुटलेल्या अनारशासारखे दिसतात. त्यावर ते हसले. एवढंच होतं. पण तुम्ही विचारलं न्हाईत, तरी मी एवढंच सांगून थांबणार न्हाई. तुम्ही वाळूजला बसून जे जे मनात आणलंत त्यातलं काहीच झालं न्हाई. तरीपण ते यायचे तेव्हा मला चांगलं वाटायचं. ते मला विचारायचे, "ताई, तुम्हाला काय दिसलं?" आणि मी सांगेपर्यंत थांबायचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या रानात राबते, खुरपते, पाणी धरते. तुम्ही मला कधी विचारलं न्हाई, मला काय दिसलं. मामंजींनीही न्हाई. आता यात माझं चुकलं असेल तर चुकलं म्हणा.

दोन खोल्यांचं कळलं. मी येणार न्हाई. तुमच्यावर रुसून न्हाई. इथं मला काम आहे. परवा मेहरुन्निसाभाभीनं मला त्यांच्या गव्हात नेलं, घाबरली होती, म्हणाली आमच्यावर पण तांबेरा आला. मी पान चोळलं, बोटाला रंग आला न्हाई. तपकिरी ठिपके, भवती पिवळी कडा. तो करपा होता, तांबेरा न्हाई. खालची वाळकी पानं गोळा करायला लावली आणि पाणी कमी करा म्हटलं. आता दुसऱ्या बायाही येऊन राह्यल्या.

गहू पिकला की सोंगायला या. विचारून घ्या रजा, न सांगता येऊ नका.

सगुणा


वाळूज,
२५ मार्च १९९८

प्रिय सगुणा,

असं मी आजपर्यंत लिहिलं न्हाई, वाचून हसू नको.

सोंगणीला आठ-दहा दिवस आपण एका घरात होतो, एका पातीला गहू कापत होतो, आणि कामापुरतं सोडून एक शब्द बोललो न्हाई. जे तोंडानं होत न्हाई ते लिहून होतं, म्हणून कडूबा झोपायची वाट न पाहता लिहायला बसलोय. बघत असला तर बघू दे.

एक तुला सांगितलं न्हाई. सोंगणीला गावाकडं येताना मी रेल्वेनं परतूरला उतरलो होतो. बद्रीनाथचं घर शोधलं. मनात ठरवून गेलो होतो की माफी मागायची. त्याच्या आईनं पाणी दिलं, तो बाहेर आला, आणि मला पाहून एक पाऊल मागं सरला. सगुणा, माणूस मला पाहून मागं सरतो असं कधी झालं नव्हतं. माझ्या तोंडून माफी निघेच ना. मी म्हणालो, "ते भिंग..." तो म्हणाला, "जाऊ द्या. गव्हाचं काय झालं?"

मी सांगितलं, खालचे वाफे गेले, वरचे राहिले. त्यानं विचारलं, दुसरी फवारणी कोणी केली? मी म्हणालो, तिनंच. भुकटी स्वतः जाऊन आणली. तो मान हलवून म्हणाला, "ताई करतीलच." तेवढ्यावर मला पुन्हा झोंबलं. माफी मागायला गेलेला मी, त्याच्या ओसरीवर बसून जळत होतो! "ताई करतीलच" म्हणायला त्याला तू किती माहीत असावीस, आणि मला किती?

मी म्हणालो, पुढच्या हंगामाला या, मी काही बोलणार न्हाई. तर म्हणाला, "मी बदली मागून घेतली. गावात लोक बोलायला लागले होते, ताईंना त्रास नको." म्हणजे मला जे पाहिजे होतं ते झालं. तो आता येणार न्हाई. मी परतूरहून जीपमध्ये बसलो तेव्हा वाटलं होतं, आता छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं न्हाई.

का उतरलं न्हाई ते खळ्यावर कळलं. शेजारच्या मळ्यातला अजमतभाई आला, मला सलाम केला आणि म्हणाला, "भाभींना बोलवा, हरभऱ्याचं पान दाखवायचंय." मी म्हणालो, दाखव मला. तो थोडा घुटमळला. म्हणाला, "तसं न्हाई तातेराव, भाभींनाच दाखवतो." तू पदर खोचून त्याच्यामागं गेलीस. त्याची बायको सोबत होती, भरदुपार होती, संशय घ्यायला जागाच नव्हती. तरी मला तेच झालं, बिलकुल तेच, जे मला तुमच्या दोघांच्या त्या हसण्यानं झालं होतं.

तेव्हा मला समजलं की मी त्या पोरावर जळत नव्हतो. तुझ्यावर जळत होतो. माझं रान, माझ्या बापाचा बन्सी गहू, आणि त्यातलं मला जे दिसत न्हाई ते तुला दिसतं. मी इथं डब्यांच्या कडा तासतो, आणि तिथं माझ्या नावाच्या जमिनीत लोक मला ओलांडून तुला विचारतात. हे लिहायला मला लाज वाटते. पण तू तुझं खरं लिहिलंस, मंग मी माझं लिहिलं पाहिजे.

खालच्या वाफ्यातला चिमलेला गहू तू वेगळा ठेवलास. कोणाला दाखवला न्हाईस, मायलाही सांगितलं न्हाईस की तो कोणामुळं तसा झाला. पाखडताना माय म्हणाली, "यंदा देवाची करणी," आणि तू सूप हलवत राहिलीस. मी तिथंच उभा होतो. तू एकदा वर पाहिलं असतंस तर मी सांगितलं असतं. तू पाहिलं न्हाईस. आता मीच मायला पत्रात लिहितो, वेगळा कागद घातलाय. छबीला वाचून दाखवायला सांग. मोठ्यानं.

बटईचं बोलणं मी सोडलं. दोन खोल्यावाल्याला नको म्हणून सांगितलं. सुपरवायझरला विचारलंय की दिवाळीनंतर पेरणीपुरता सोडाल का. तो म्हणाला, मंग पर्मनंट विसरा. मी अजून उत्तर दिलं न्हाई. तुला काय वाटतं? हे मी खरंच विचारून राह्यलो. सांगेपर्यंत थांबतो.

पुढच्या वर्षी काय पेरायचं ते तू ठरव. बन्सी नको म्हणालीस तर नको. बद्रीनाथच्या जागी कोणी नवीन साहेब येईल. त्याला बांधावर बसव, चहा दे, पान दाखव, विचार, हस. मी जळेन. माझा स्वभाव मला माहीत आहे, तो एका हंगामात जाणारा न्हाई. मी घरी असलो आणि तोंड वाकडं करून बसलो तर बसू दे. तू तुझं पान बघून मंग घरी ये.

तुझ्यावर जळणारा, आणि तुझ्यावाचून कोणावर न जळणारा,
तातेराव